कोनसेट बदलायचा तर आधी परात मागून घ्या

सरळ रस्त्यावर हँडल मधोमध एका खाचेत जाऊन बसतंय असं वाटायला लागलं, तेव्हा मी दोष पुढच्या टायरला दिला. टायर बदलला. मग रस्त्याला दिला. कराडहून पाटणकडं जाताना रस्त्याला दोष द्यायला फारसं डोकं लागत नाही. पण बाजाराच्या गर्दीत किंवा गावातल्या बोळात गाडी हळू झाली की ती माझं ऐकेना. डावीकडं जरा वळवावी तर आधी अडायची आणि मग एकदम जास्तच वळायची. मी कृषी सहायक. दिवसाचे साठ-सत्तर किलोमीटर दुचाकीवरच जातात आणि त्यातले काही बांधावरून. असली गाडी बांधावरून नेणं म्हणजे आज ना उद्या उसात जाणं.

गाडी मूळची आप्पांची, २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून त्यांनी ती बारा वर्षं चालवली, मग माझ्याकडं आली. प्रत्येक सर्व्हिसिंगला मी हँडलची तक्रार सांगायची आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, "आवळून देतो ताई." दोन दिवस बरं वाटायचं, मग पहिल्यापेक्षा वाईट. शेवटी एका रविवारी आप्पांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, मला मागच्या सीटवर दाबून बसवलं, पुढचं चाक वर उचललं गेलं आणि त्यांनी दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बरोबर मध्यावर टिक.

"खड्डं पडल्यात," आप्पा म्हणाले. "आवळून खड्डं भरत्यात व्हय?"

तिथून मी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, घरीच बदलायचं ठरवलं. पहिल्यांदाच. त्याआधी माझी मजल चेन साफ करणं आणि प्लग बदलणं एवढीच होती. काय केलं, कुठं चुकलं आणि पुन्हा केलं तर काय वेगळं करीन, ते सगळं खाली आहे. गाडी स्प्लेंडर आहे, म्हणजे पुढं ड्रम ब्रेक आहे. डिस्कची गाडी असेल तर कॅलिपर सोडवून तो नळीला न लटकवता दोरीने बांधून ठेवायचा, एवढा फरक. बाकी तत्त्व तेच.

खड्डे मधेच का पडतात

चॅसीच्या पुढच्या टोकाला एक उभी नळी असते. तिच्या वरच्या आणि खालच्या तोंडात एकेक पोलादी वाटी घट्ट बसवलेली असते. दोन्ही शॉकअप ज्याला धरलेले असतात ती खालची टी आपल्या दांड्यासकट त्या नळीतून वर जाते. टीच्या दांड्यावर खाली एक कोन आणि वर एक कोन. वाटी आणि कोन यांच्यामध्ये छर्रे. दोन वाट्या, दोन कोन आणि दोन ओळी छर्रे मिळून कोनसेट. काही जण याला बॉलरेसर म्हणतात. दुकानात दोन्ही शब्द चालतात.

चाकाचं बेअरिंग गोल गोल फिरत राहतं. हे तसं फिरत नाही. रस्त्यावर निम्म्याहून जास्त वेळ हँडल सरळच असतं, त्यामुळं प्रत्येक छर्रा वाटीत त्याच एका जागेवर उभा असतो. खड्ड्यात चाक आपटलं की तो धक्का त्याच ठिपक्यावर बसतो. शिवाय जागच्या जागी थरथरत राहिल्यानं छर्ऱ्याखालचं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही, कारण ते परत आणायला छर्रा पुरेसा गडगडतच नाही. लोखंडावर लोखंड घासतं. काही वर्षांनी वाटीत छर्ऱ्यांच्या मापाचे लहान लहान खळगे तयार होतात आणि हँडल सरळ आलं की सगळे छर्रे एकदम आपापल्या खळग्यात बसतात. तीच ती टिक. खालची वाटी आधी जाते, कारण वजन तिच्यावर आणि चाकानं उडवलेला चिखलही तिच्याच तोंडाशी. त्यात आपण सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट तिथं मारून घेतो.

आवळल्यानं काय होतं, तर छर्रे खळग्यात जास्त जोरानं दाबले जातात. आधी निदान ढिलेपणामुळं बाहेर तरी निघायचे. माझ्या गाडीचं असंच झालं होतं.

मात्र टिक नसेल आणि ब्रेक दाबल्यावर पुढून नुसता 'खट' असा आवाज येत असेल, तर कोनसेट फक्त ढिला असू शकतो आणि मग आवळणं हाच इलाज. पुढचं चाक अधांतरी ठेवून दोन्ही शॉकअप खालून धरा आणि आपल्याकडं-पलीकडं हलवा. दुसऱ्या कुणाला तरी खालची टी आणि चॅसी यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. त्या बोटाला हालचाल जाणवली तर कोनसेट. सांधा गप्प आणि शॉकअपची नळीच आत डुगडुगते आहे, तर शॉकअप झिजलेत. आणि चाक आडवं हलतंय, तर चाकाचं बेअरिंग. ही तपासणी न करता दुकानात गेलात तर चुकीच्या डब्यावर पैसे जातात.

काय काय जमवलं

कोनसेट घेताना मॉडेल आणि साल दोन्ही सांगा. स्प्लेंडर या एका नावाखाली बऱ्याच गाड्या आल्यात. मला सेट ३८० रुपयांना पडला. दुकानदारानं टेपर रोलरवालाही दाखवला. त्यात छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असतात, भार एका ठिपक्यावर न येता रेषेवर पसरतो, म्हणून खळगे लवकर पडत नाहीत. पण त्याची उंची मूळ सेटशी तंतोतंत जुळली नाही तर वर आटे कमी पडतात. पहिल्या वेळेला मूळ पद्धतीचाच घ्या, असं माझं मत.

छर्रे सुटे येतात, वेगळ्या पुडीत. माप ३/१६ इंच असतं किंवा १/४ इंच, म्हणजे ४.७६ किंवा ६.३५ मिलिमीटर. काही गाड्यांत वरची ओळ एका मापाची आणि खालची दुसऱ्या. जुने काढाल तेव्हा वरचे एका वाटीत आणि खालचे दुसऱ्या वाटीत ठेवा, मोजा, आणि आकडा कागदावर लिहा. कागदावरच. डोक्यात ठेवलेला आकडा ग्रीसनं भरलेल्या हातांनी राहत नाही.

ग्रीस लिथियमचं, ट्रॅक्टरला वापरतात ते एपी ३ चालतं. छोटी डबी पुरून उरते. पान्यांचा साधा सेट माझ्याकडं होता, पण त्यातला सगळ्यात मोठा २४ चा. टीच्या वरचा मोठा नट त्याहून मोठा. आप्पा म्हणाले, पाइप पाना लाव. लावू नका. नटाचे कोपरे जातात आणि तो नट आयुष्यभर तुमच्या डोळ्यासमोर हँडलच्या मध्यावर असतो. नटाच्या दोन समोरासमोरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट आणा. त्याच्या खाली खाचांचा गोल रिंग नट असतो, त्याला आकडी असलेला सी पाना लागतो. छिन्नी आणि हातोडीनं तो सुटतो, हे खरं. पण बसवताना छिन्नीनं बारीक सेटिंग करता येत नाही आणि या कामाचा सगळा जीव त्या सेटिंगमध्ये आहे.

मग हातोडी, लाकडाचा ठोकळा, दीड फुटाची जाड सळई (तिचं टोक सपाट आणि कडा धारदार हवी, गोल झालेली नको), उजेडाची बॅटरी, डिझेल, चिंध्या, डोळ्यांना चष्मा. घट्ट बसलेल्या पोलादावर हातोडी मारताना कपचा उडतो, आणि डोळ्याचं दुकान कराडला असलं तरी डोळा तिथं विकत मिळत नाही.

आणि परात. मोठी, स्टीलची, कणीक मळायची. आईला विचारून घ्या. मी न विचारता घेतली.

सोडवणं

गाडी डबल स्टँडवर, जमीन सपाट आणि टणक. शेणानं सारवलेल्या अंगणात स्टँड रुततो, म्हणून आम्ही ओट्यापुढच्या फरशीवर घेतली. पुढचं सगळं निघाल्यावर गाडी आपोआप मागच्या चाकावर बसते. तरी मी मागं ४५ किलोचं युरियाचं पोतं बांधलं आणि पुढं इंजिनाखालच्या नळ्यांना फळी लावून शेजारच्या चारचाकीचा जॅक टेकवला. तुम्ही ज्या गाडीखाली हात घालणार आहात ती तुमच्या हातोडीच्या ठोक्यानं हलता कामा नये. हँडल लॉक उघडं ठेवा आणि किल्ली खिशात.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. टाकी काढली. टाकी नाही काढली तरी काम होतं, पण निसटलेला पाना पहिल्यांदा टाकीवरच पडतो. पेट्रोलचा कॉक बंद करून नळी काढायची, आसपास बिडी-उदबत्ती काही नको.

नट हवेत सोडवण्यापेक्षा चाक जमिनीवर असताना सगळे मोठे नट पाव फेरा ढिले करून घ्या. टीचा मोठा नट, शॉकअपचे वरचे बोल्ट, एक्सलचा नट. सगळं लटकत असताना जोर लावला तर गाडी स्टँडवरून उतरू बघते.

पुढचा व्हायझर आणि हेडलाइट काढण्याआधी फोटो काढा. वायर सोडवताना पुन्हा काढा. मी अकरा फोटो काढले आणि बाराव्याची गरज पडली. हँडल चार बोल्टवर असतं. ते काढून क्लच, अॅक्सिलेटर, ब्रेकच्या केबलींसकट मागं टाकलं आणि चिंधीनं चॅसीला बांधलं. केबल काढायच्या नाहीत. मग चाकाकडची ब्रेक केबल, स्पीडोमीटरची केबल, एक्सल, चाक. एक्सलवरचे बुश कोणत्या बाजूचे ते बघून ठेवा. मडगार्ड. शेवटी शॉकअप: वरचा बोल्ट, खालच्या टीच्या क्लॅम्पचा बोल्ट, आणि मग डावी-उजवी पिळ देत खाली ओढायचा. गंजानं धरला असेल तर क्लॅम्पच्या फटीत थोडं तेल सोडून दहा मिनिटं चहा प्या. काढलेले शॉकअप उभेच ठेवा, आडवे केले तर तेल येतं.

आता राहते ती फक्त टी. मोठा नट काढून शॉकअपची वरची टोकं धरणारी वरची पट्टी उचलली. रिंग नट सी पान्यानं सोडवायला घेतला तेव्हा आप्पा खाली बसून टी गुडघ्यावर तोलून धरत होते. परात खाली. शेजारचा पोरगा बॅटरी धरून.

"ताई, किती छर्रं असतील?"

"पुडीवर लिहिलंय, त्याच्याशी जुळवायचं."

आप्पांनी टी एक इंच खाली घेतली आणि परातीत पाऊस पडला. तुम्ही हे फरशीवर केलं असतं तर छर्रे गटारीपर्यंत गेले असते. परातीच्या काठामुळं एकच बाहेर उडाला. तो आम्ही जुन्या स्पीकरच्या चुंबकाला सुतळी बांधून, ती अंगणभर फिरवून शोधला. त्याच्याबरोबर दोन टाचण्या आणि आईचा हरवलेला पिना-आकडाही मिळाला.

डिझेलनं धुतल्यावर खालची वाटी उन्हात धरली. ओळीनं खळगे, एकसारख्या अंतरावर, जणू कुणी मोजून पाडलेत. नखाला लागत होते. वरच्या वाटीत फक्त फिकट डाग. काही जण एवढ्यावर फक्त खालचा भाग बदलतात. सेट एकत्रच येतो, वाचवून मिळत काहीच नाही. सगळा बदला.

जुन्या वाट्या काढणं

पहिल्या वेळेला भीती इथंच वाटते, आणि थोडी वाटावीही.

नळीत बॅटरी मारून बघा. आतल्या बाजूनं वाटीची बारीक कड दिसते, नळीच्या भिंतीपेक्षा जेमतेम पुढं आलेली. वरची वाटी काढायला सळई खालून घालायची आणि खालची काढायला वरून. सळईचं टोक त्या कडेवर टेकवून एक ठोका. मग सळई समोरच्या बाजूला नेऊन एक ठोका. मग डावीकडं, मग उजवीकडं. एकाच बाजूला मारत राहिलात तर वाटी तिरकी होऊन नळीतच अडकते आणि नळीचं तोंड ओरबाडतं. ते तोंड चॅसीचा भाग आहे, विकत मिळत नाही. मी पहिले चार ठोके घाबरत मारले, काही हललं नाही. पाचवा जरा नेटानं मारला तेव्हा आवाज बदलला. त्यानंतर ती दहा-बारा ठोक्यांत बाहेर आली. सळई घसरून आतल्या भिंतीला चरा पडला तर कानसीच्या हलक्या हातानं फक्त वर आलेली कड बसवून घ्या, धातू काढू नका.

टीवरचा खालचा कोन मात्र हट्टी. वरचा कोन हातानं निघतो; हा दांड्यावर दाबून बसवलेला असतो आणि त्याखाली धूळ अडवणारी रबरी चकती. कोन आणि टी यांच्या फटीत छिन्नी घालून, पुन्हा समोरासमोर, थोडं थोडं उचलायचं. टीच्या दांड्यावरच्या आट्यांना काही होऊ नये म्हणून जुना रिंग नट तात्पुरता चढवून ठेवा. माझा कोन अर्ध्या तासात दोन मिलिमीटर हलला. मग मी टी पिशवीत घातली आणि लेथवाल्याकडं गेले. त्यानं पाच मिनिटांत पुलर लावून काढून दिला आणि पन्नास रुपये घेतले. घरी करायचं म्हणजे सगळं घरीच करायचं असं काही नाही. त्याच्याकडूनच नवा कोनही दाबून घेतला असता तर माझा पुढचा तास वाचला असता, पण नवा सेट घरी फ्रीजमध्ये होता.

बसवणं

फ्रीजमध्ये का, तर पोलाद थंडीनं आक्रसतं. साधारण ४५ मिलिमीटर व्यासाची वाटी रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर ती जवळजवळ ०.०२ मिलिमीटरनं लहान होते. ऐकायला काहीच नाही, पण बसवताना हातोडीला फरक कळतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. मटारच्या शेजारी ग्रीसचा वास आल्यावर आमच्या घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

नळीची तोंडं डिझेलनं धुवून कोरडी केली, ग्रीसचा पुसट हात फिरवला. थंड वाटी सरळ टेकवायची, त्यावर जुनी वाटी उलटी ठेवायची, त्यावर लाकडी ठोकळा आणि मग ठोके. ज्या गुळगुळीत वाटेवर छर्रे फिरणार तिथं हातोडी, सळई, काहीही लागू द्यायचं नाही. वाटी आत जात असेतो आवाज बद्द येतो. बुडाला टेकली की खणखणीत येतो. तरी खात्रीसाठी भोवती नख फिरवून बघा. कुठंही फट लागता कामा नये. ठोकाठोकी नको असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून आट्यांचा लांब रॉड, दोन नट आणि जाड मोठ्या चकत्या आणून दोन्ही वाट्या पान्यानं ओढून बसवता येतात. हळू होतं, पण वाटी तिरकी जात नाही. पुन्हा केलं तर मी हेच करीन.

खालच्या कोनाचं उलटं: तो तापवायचा. तव्यावर, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होईल इतकाच. निळा पडेस्तोवर तापवलात तर पोलादाचं पाणी उतरतं आणि नवा कोन जुन्याहून मऊ होतो. चिमट्यानं धरून दांड्यावर सोडला, तो अर्ध्यापर्यंत आपोआप घसरला, मग दांड्यावर बसेल अशा पाइपच्या तुकड्यानं आतल्या कडेवर ठोकून बुडाला नेला. छान बसला. एवढा छान की मी उभी राहून कमरेवर हात ठेवले.

आप्पांनी ओट्यावरून काहीतरी उचललं आणि शांतपणे विचारलं, "ही रबराची चकती कशाला ठिवलीस गं?"

ती कोनाच्या खाली जाते. कोनाच्या आधी. पुन्हा लेथवाला, पुन्हा पन्नास रुपये. या वेळी त्यालाच चकती घालून कोन दाबायला सांगितला. तुम्ही टी हातात घ्याल तेव्हा सगळ्यात आधी चकती घाला, मग कोन तापवायला ठेवा.

छर्रे बसवताना ग्रीस सढळ हातानं वापरा. वरच्या वाटीत जाड थर, त्यात एकेक छर्रा. खाली टीवरच्या कोनात तसाच थर आणि छर्रे. मोजून झाल्यावर ओळीत किंचित जागा उरते, एका छर्ऱ्यापेक्षा कमी. ती हवीच. जागा दिसते म्हणून जबरदस्तीनं आणखी एक कोंबला तर छर्रे एकमेकांना घासून अडतात. एक पूर्ण छर्रा मावेल एवढी जागा राहिली असेल तर मात्र पुन्हा मोजा, एखादा परातीत राहिलाय.

आता टी खालून वर सरळ घाला. दांडा वाटीला घासला तर छर्रे सुटतात. वर वरचा कोन, रिंग नट. हातानं फिरेल तेवढा फिरवा, मग खालचा माणूस सोडा.

किती आवळायचं

रिंग नट सी पान्यानं पहिल्यांदा चांगला घट्ट करा, म्हणजे वाट्या आणि कोन आपापल्या जागी दबून बसतात. टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ वेळा फिरवा. मग नट पूर्ण ढिला करा. आता पुन्हा आवळत या, हळूहळू, एका हातानं टी वर-खाली आणि मागं-पुढं हलवत. ज्या क्षणी हलणं बंद होतं तिथं थांबा. त्यानंतर केसभर जास्त, बस. टी फिरवली की ती तुपात फिरल्यासारखी फिरायला हवी, कुठंही अडखळ नको.

पण हे सेटिंग इथं संपत नाही, आणि मी इथंच फसले. वरची पट्टी ठेवून मोठा नट आवळला की आट्यांमधली ढील निघते आणि खालचा कोन-वाटीचा दाब बदलतो. मी केलेलं सुंदर सेटिंग मोठा नट आवळल्यावर जड झालं. उपाय इतकाच: मोठा नट आवळा, तपासा, पुन्हा सोडा, रिंग नट जरा मागं घ्या, पुन्हा आवळा. मला चार वेळा करावं लागलं.

शेवटची परीक्षा शॉकअप, चाक आणि हँडल लावल्यावर. चाक अधांतरी, हँडल सरळ. एका बोटानं डावीकडं जरासं ढकलून सोडा. आपल्याच वजनानं ते डावीकडं पूर्ण जाऊन टेकायला हवं. तसंच उजवीकडं. मधेच थांबलं तर जड आहे, पण आधी एखादी केबल तर ओढत नाही ना ते बघा. मग शॉकअप खालून धरून मागं-पुढं हलवा. खट वाजलं तर ढिलं. जड ठेवलेली गाडी हळू वेगात दारू प्यायल्यासारखी चालते, ढिली ठेवलेली ब्रेकला खटखटते आणि नव्या वाट्यांत महिनाभरात खळगे पाडते.

जोडताना तीन गोष्टी सोडू नका. शॉकअपचे क्लॅम्प आधी हलकेच आवळा, चाक आणि एक्सल घाला, गाडी खाली घेऊन पुढून चार-पाचदा दाबा, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत येतात, आणि मगच सगळं पक्कं करा. ब्रेकच्या प्लेटला एक खाच असते, ती शॉकअपवरच्या खुंटीत बसलीच पाहिजे. ती बाहेर राहिली तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट फिरते, केबल तुटते आणि चाक जाम होतं. पोरगा बॅटरी मारून ते दोनदा बघून गेला, मीही दोनदा बघितलं. आणि इंजिन चालू करून हँडल दोन्ही टोकांना न्या. रेस आपोआप वाढली तर अॅक्सिलेटरची केबल चुकीच्या वाटेनं गेलीय. हॉर्न, हेडलाइट, इंडिकेटर तपासले. माझा डावा इंडिकेटर लागला नाही, म्हणून बारावा फोटो.

पहिली फेरी गल्लीतच, चालण्याच्या वेगानं, पुढचा ब्रेक दाबत. गाडी इतकी हलकी वळली की पहिल्या वळणावर मी तुळशी वृंदावनाकडं निघाले. इतके दिवस हात खळग्यातून हँडल ओढायला शिकले होते, ती सवय जायला आठवडा लागला.

नव्या वाट्या सुरुवातीला आणखी थोड्या बसतात, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर तपासणी पुन्हा करायची असते. माझ्या गाडीला २४० किलोमीटरनंतर बारीकशी ढील आली होती, रिंग नटाच्या अर्ध्या खाचेएवढी. हेडलाइट न काढताही सी पाना तिथं पोहोचतो, दहा मिनिटांचं काम. ते केलं, मोठा नट आवळला, बोटानं हँडल ढकललं. डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं. परात घासून आईला द्यायला गेले तर तिनं नवी आणलेली होती.